खापरावरचं नाव

परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्या मुलांच्या याद्यांमध्ये ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द हमखास सापडतो. त्याच्यापुढे ‘वाळीत टाकणे’ किंवा ‘बहिष्कार घालणे’ असा अर्थ लिहिलेला असतो. अर्थ बरोबर आहे. तेवढ्यावर पर्यायांतून उत्तर निवडता येतं, शब्द वाक्यात वापरता येतो, गुण मिळतात. पण ज्या गोष्टीसाठी हा शब्द जन्माला आला आणि ज्या गोष्टीला आज आपण तो लावतो, त्या दोन गोष्टी जवळपास एकमेकींच्या उलट आहेत. हा उलटेपणा नीट पाहिला की शब्द तर पक्का लक्षात राहतोच. पण माणसाला समाजाबाहेर काढण्याच्या ज्या रीती माणसांनी शोधून काढल्या, त्यांना पारखण्याची नजरही येते. म्हणून या एका शब्दापाशी जरा थांबावं असं मला वाटतं.

ग्रीक भाषेत ‘ओस्त्राकॉन’ म्हणजे खापर, फुटलेल्या मडक्याचा तुकडा. प्राचीन अथेन्समध्ये खापरांना तोटा नव्हता. पाणी, तेल, मद्य, धान्य, सगळं मातीच्या भांड्यांत साठवलं जायचं. भांडी फुटायची आणि तुकडे जागोजाग पडून असायचे. लिहिण्याचा पपायरस इजिप्तहून यायचा आणि महाग पडायचा. त्यामुळे बारीकसारीक मजकूर लिहायचा तर हाताशी आलेलं खापर उचलायचं आणि टोकदार वस्तूनं त्यावर अक्षरं कोरायची, ही सगळ्यांना परवडणारी सोय होती. अशाच खापरांवर एका माणसाचं नाव कोरून त्याला शहराबाहेर धाडण्याची तरतूद अथेन्सच्या कायद्यात होती. तिला ‘ओस्त्राकिस्मॉस’ म्हणत. इंग्रजीतला ‘ऑस्ट्रसिझम’ तो हाच.

ही तरतूद कशाच्या भीतीपोटी आली, हे समजून घ्यायला हवं. इ.स.पूर्व सहाव्या शतकात पिसिस्त्रातस या सरदारानं अथेन्सची सत्ता बळकावली. त्याच्यामागून त्याच्या मुलांनी ती चालवली. इ.स.पूर्व ५१० मध्ये त्याचा मुलगा हिप्पिअस हाकलला गेला, आणि दोन-तीन वर्षांतच क्लाइस्थेनीसनं शहराची घडी नव्यानं बसवली. नागरिकांचे दहा गट पाडले, पाचशे जणांचं मंडळ नेमलं, लोकसभेच्या हाती कारभार दिला. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात खापरांची ही तरतूदही क्लाइस्थेनीसचीच म्हटली आहे. पुढे इ.स.पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर इराणी सैन्य उतरलं, तेव्हा म्हातारा हिप्पिअस त्यांच्यासोबत वाटाड्या म्हणून आला होता. हुकूमशहा परत येऊ शकतो, हे अथेन्सनं डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत या कायद्याचा पहिला वापर झाला, आणि त्यात बाहेर गेला तो हिप्पिअसच्याच नातलगांपैकी हिप्पार्कस.

म्हणजे रोख होता तो बलवानांवर. ज्याच्याकडे इतकी संपत्ती, इतके पाठीराखे किंवा इतकं वजन आहे की उद्या तो सगळ्यांना पायाखाली घेऊ शकेल, त्याला वेळीच काही काळ लांब ठेवायचं. त्याच्या हातून गुन्हा घडायची वाट पाहायची नाही, कारण हुकूमशाहीचा गुन्हा एकदा घडला की खटला चालवायला कोणी उरत नाही.

कायद्याची रीत मोठी काटेकोर होती. दर वर्षी लोकसभेपुढे आधी एवढाच प्रश्न यायचा की यंदा खापरांचं मतदान घ्यायचं का. तेव्हा कुणाचं नाव घेतलं जात नसे. ‘घ्यायचं’ असं ठरलं तर मतदान साधारण दोन महिन्यांनी व्हायचं. एवढा वेळ हवा होता. रागाच्या भरात कुणाचा बळी जाऊ नये म्हणून. ठरल्या दिवशी अगोरा या बाजारचौकाला कुंपण घातलं जाई आणि दहा गटांसाठी दहा वाटा ठेवल्या जात. प्रत्येक नागरिक नाव कोरलेलं आपलं खापर घेऊन आत शिरायचा आणि ते टाकायचा. किमान सहा हजार खापरं पडली तरच मतदान ग्राह्य धरलं जायचं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सर्वांत जास्त खापरांवर ज्याचं नाव, त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही.

या दहा वर्षांत त्याचं काय व्हायचं, ते तर आणखी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याचं घर, जमीन, उत्पन्न त्याचंच राहायचं. नागरिकत्व जात नसे. बायकामुलांना शहर सोडावं लागत नसे. मुदत संपली की तो परत यायचा आणि पूर्वीसारखाच सभेत बसायचा, बोलायचा, निवडूनही यायचा. त्याच्यावर आरोप ठेवलेलाच नसल्यामुळे माथी कलंकही नव्हता.

ही खापरं आजही पाहायला मिळतात. अथेन्सच्या अगोरातल्या संग्रहालयात ती काचेमागे मांडलेली आहेत. तळहातात मावेल एवढा तुकडा, काळ्या चकाकीवर ओरखडून काढलेली फिकट अक्षरं, माणसाचं नाव आणि बहुधा त्याच्या बापाचं नाव: ‘थेमिस्तोक्लीस, नेओक्लीसचा’. काही अक्षरं सरळ ओळीत आहेत, काही कडेकडेनं वळत गेली आहेत. नावाचं स्पेलिंगही एकसारखं नाही. उच्चार जसा कानावर आला तसा लिहिलेला. केरामेइकोस भागात जर्मन उत्खननात १९६० च्या दशकात अशी आठ हजारांहून अधिक खापरं मिळाली. काहींवर नुसत्या नावानं भागलेलं नाही. किमॉन या पुढाऱ्याच्या खापरावर कोणीतरी त्याची बहीण एल्पिनिकेचं नाव घालून टोमणा मारलाय. एकाला देशद्रोही म्हटलंय. काही खापरांवर माणसाचं नावच नाही. तिथे ‘भूक’ असं लिहिलंय. कुणा गरिबानं शहराबाहेर घालवायला दुसरं कोणी न शोधता दुष्काळालाच दहा वर्षांची हद्दपारी द्यावी असं मत टाकलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस आपल्याला नावानं माहीत नाही, पण त्याचं मत आपल्या हातात आहे. शब्दाचं मूळ शोधताना कधी कधी असा एखादा माणूस भेटतो, आणि मग तो शब्द पाठ करावा लागत नाही.

याच खापरांनी दुसरी बाजूही उघड केली. १९३७ मध्ये अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत ऑस्कर ब्रोनीर या पुरातत्त्वज्ञाला सुमारे १९० खापरं एकत्र सापडली. सगळ्यांवर थेमिस्तोक्लीस या पुढाऱ्याचं नाव, आणि अक्षर पाहता ती जेमतेम चौदा हातांनी लिहिलेली. म्हणजे विरोधकांच्या टोळक्यानं आधीच खापरं कोरून ठेवली होती, मतदाराच्या हाती आयतं मत ठेवण्यासाठी. तेव्हा या व्यवस्थेला सोवळी मानायचं कारण नाही. स्त्रियांना, गुलामांना, परक्या रहिवाशांना तिच्यात मत नव्हतं. ज्याच्यावर पाळी आली त्याला आपली बाजू मांडता येत नव्हती. अरिस्तायदीस या पुढाऱ्याची गोष्ट प्लुटार्कनं सांगितली आहे: लिहिता न येणाऱ्या एका खेडुतानं खापर नेमकं त्याच्याच हाती दिलं आणि त्यावर अरिस्तायदीसचं नाव लिहायला सांगितलं. त्यानं तुझं काय वाईट केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं की काही नाही, त्या माणसाला मी ओळखतही नाही, पण जिथे तिथे त्याला ‘न्यायी’ म्हटलेलं ऐकून कान किटले. अरिस्तायदीसनं मुकाट्यानं आपलं नाव लिहून दिलं. इ.स.पूर्व ४८२ मध्ये तो बाहेर गेला.

पण गोष्ट इथे संपवली तर अर्धीच कळते. दोनच वर्षांनी, इ.स.पूर्व ४८० मध्ये, इराणी सम्राट झर्क्सीसचं प्रचंड सैन्य ग्रीसवर चालून आलं तेव्हा अथेन्सनं हद्दपार केलेल्यांना परत बोलावलं. सालामिसच्या लढाईच्या आदल्या रात्री अरिस्तायदीस एजिना बेटावरून इराणी जहाजांच्या वेढ्यातून वाट काढत आला, आणि पहिल्यांदा भेटला तो थेमिस्तोक्लीसला, म्हणजे ज्यानं त्याला घालवण्यासाठी सगळी शक्ती पणाला लावली होती त्यालाच. इतिहासकार हेरॉडोटसनं ही भेट लिहून ठेवली आहे. शत्रूनं आपल्याला चहूकडून घेरलंय ही बातमी अरिस्तायदीसनं दिली आणि आपापसातलं वैर आता देशाच्या भल्यासाठी कोण जास्त करतो यावर चालू दे, असं सुचवलं. पुढच्या वर्षी प्लातेयाच्या रणांगणावर अथेन्सच्या सैन्याचं नेतृत्व त्यानंच केलं. त्याच वर्षी मिकालेच्या लढाईत अथेन्सच्या ताफ्याचा सेनापती होता झान्थिप्पस; तोही आधी खापरांनी बाहेर गेलेला आणि परत आलेला. हा पेरिक्लीसचा बाप. दोघांची जमीन जप्त झाली असती, घराणी उद्ध्वस्त झाली असती, तर संकटाच्या रात्री परत यायला त्यांना कारण उरलं असतं का? अथेन्सनं माणूस बाजूला ठेवला, पण तोडला नाही. ज्याच्यापासून धोका वाटतो तोच उद्या उपयोगी पडेल, एवढी जाण त्या कायद्यात होती.

ही जाण संपली तेव्हा कायदाही संपला. इ.स.पूर्व ४१७ ते ४१५ च्या सुमाराला निकिअस आणि अल्किबिआदीस या दोन बड्या पुढाऱ्यांपैकी एकावर खापरं पडणार अशी चिन्हं होती. दोघांनी हातमिळवणी केली आणि त्यांच्या माणसांनी मिळून हायपरबोलसचं नाव कोरलं. तोही पुढारीच, पण या दोघांच्या तोडीचा नाही. लोकांना ते लागलं. बलवानाला आवरण्यासाठीचं हत्यार बलवानांनीच तिसऱ्यावर चालवलं, हे त्यांना उमगलं. त्यानंतर हे मतदान पुन्हा कधी झालं नाही.

शब्द मात्र टिकला. सोळाव्या शतकात युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास वाढला. १५७९ मध्ये टॉमस नॉर्थनं प्लुटार्कची चरित्रं इंग्रजीत आणली. त्या काळात हा शब्द इंग्रजीत आला तो अथेन्सच्या त्या रीतीचं नाव म्हणून. मग तो सैल होत गेला. आधी कुठलीही हद्दपारी, मग कुठल्याही मंडळातून वगळणं, आणि शेवटी शाळेच्या मधल्या सुट्टीत एका मुलीशी कोणी बोलायचं नाही असं वर्गानं ठरवणं, हेही ‘ऑस्ट्रसिझम’च. या सैल होण्यात मूळ व्यवस्थेतल्या मर्यादा एकेक करून गळून पडल्या. दहा वर्षांची मुदत गेली, दोन महिन्यांचा अवधी गेला, किमान मतांची अट गेली, घरादाराचं संरक्षण गेलं. उरलं ते फक्त बाहेर काढणं. आणि बाहेर काढला जाणारा आता सरदार राहिला नाही. बहुतेक वेळा तो गटातला सर्वांत एकटा माणूस असतो.

शब्दाचं मूळ म्हणजेच त्याचा खरा अर्थ, असं मी म्हणत नाही. शब्द वापरणारे तो ज्या अर्थानं वापरतात तोच त्याचा अर्थ. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सला त्यावर हक्क सांगता येणार नाही. मुळाचा उपयोग वेगळा आहे. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या रीती दिसल्या की त्या एकमेकींशेजारी ठेवून ताडून पाहता येतात. आजच्या अर्थात काय काय नाही, हे मुळाकडे पाहिल्यावरच कळतं.

मराठीतही असा एक शब्द आहे, आणि त्यातही मातीचं भांडं आहे. ‘घटस्फोट’ म्हटलं की आज आपल्याला कोर्ट आणि नवरा-बायको आठवतात. पण धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला बाहेर काढण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो सांगितला आहे: दासीनं पाण्यानं भरलेला घडा पायानं लवंडायचा, जसा मेलेल्यासाठी करतात तसा, आप्तांनी सुतक पाळायचं, आणि त्यानंतर त्या जिवंत माणसाशी बोलणं, एकत्र बसणं, वारशाचा वाटा, रोजचे व्यवहार सगळं थांबवायचं. अथेन्सचं खापर आणि हा घडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोहोंतला फरक बोलका आहे. तिथे माणूस दूर गेला तरी जिवंत राहायचा, इथे तो गावात असून मेलेला ठरायचा. परतीची वाट मनुस्मृतीतही आहे: प्रायश्चित्त घेतल्यावर आप्तांनी त्याच्यासह स्नान करून नवा भरलेला घडा पाण्यात टाकावा आणि मग पूर्वीसारखे व्यवहार करावेत. पण त्या वाटेवर आधी आपण पापी असल्याचं कबूल करावं लागतं. ज्यानं काही पाप केलेलंच नाही, त्यानं काय कबूल करायचं?

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिला नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा कोकणातल्या मुरुडला गावानं त्यांना बहिष्कृत केलं. कर्वे पुण्यात प्राध्यापक होते. बहिष्काराची खरी झळ बसली ती गावात राहणाऱ्या आईला आणि भावाच्या कुटुंबाला. अथेन्सच्या कायद्यानं नेमकं जे टाळलं होतं, ते इथे घडत होतं: बाहेर काढायचं एकाला आणि पिळायचं त्याच्या घरच्यांना.

दलितांच्या बाबतीत तर हे हत्यार कितीतरी धारदार होतं. पाणवठ्यावर हक्क सांगितला, जुनी कामं नाकारली, की गावानं दुकानदाराला माल द्यायला, शेतमालकाला काम द्यायला मनाई करावी. एकालाही हात न लावता अख्खी वस्ती उपाशी ठेवता येत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक ओळखलं होतं. त्यांच्या संस्थेच्या नावात १९२४ मध्ये आणि पाक्षिकाच्या नावात १९२७ मध्ये ‘बहिष्कृत’ हा शब्द आहे, तो उगाच नाही. १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा ही मागणी होती. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी ती पुन्हा मांडली. मारहाणीवर इलाज कायद्यात होता; न बोलण्यावर, न विकण्यावर, न बोलावण्यावर इलाज नव्हता, आणि तोच त्यांना हवा होता.

महाराष्ट्र विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये. २०१७ मध्ये तो लागू झाला. जातपंचायतीनं किंवा गावकीनं कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. मंदिरात, मयताला, लग्नकार्यात येऊ न देणं, व्यवहार तोडायला लावणं, हे सगळं त्यात नाव घेऊन गुन्हा ठरवलं आहे. कायदा झाला हे चांगलंच झालं. पण वाळीत टाकण्याचा ठराव कागदावर क्वचितच येतो. तो चावडीवर, देवळाच्या ओट्यावर, हल्ली मोबाइलमधल्या गटावर ठरतो आणि दुसऱ्या दिवशी नुसता पाळला जातो. साक्ष द्यायची ती त्याच गावातल्या माणसानं, आणि साक्ष दिली की पुढची पाळी त्याची.

हे न बोलणं किती खोल लागतं, याचा अभ्यासही झाला आहे. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं ‘सायबरबॉल’ नावाचा एक साधा संगणकी खेळ बनवला. पडद्यावर तीन आकृत्या एकमेकींकडे चेंडू टाकतात. त्यातली एक तुमची. थोड्या वेळानं बाकीच्या दोघी तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. बस, एवढंच. अनोळखी माणसांच्या या काही मिनिटांच्या खेळानंही माणसं खट्टू होतात, आपण कुणाचे नाही असं त्यांना वाटू लागतं. समोर माणसं नसून संगणकच चेंडू टाकतोय असं आधी सांगितलं तरी हे वाटणं जात नाही. पडद्यावरच्या चेंडूनं जर ही गत होते, तर आयुष्यभर ज्यांच्यात वावरलो त्यांनी तोंड फिरवल्यावर काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

म्हणून ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द शिकायचा तर त्याच्या अर्थाबरोबर चार प्रश्नही शिकावेत असं मला वाटतं. बाहेर काढतंय कोण आणि कुणाला: दुबळे बलवानाला, की बलवान दुबळ्याला? किती काळासाठी? त्याच्या घरादाराचं, पोटापाण्याचं काय? आणि परत येण्याची वाट आहे का, तीही मान खाली न घालता? अथेन्सच्या त्या सदोष, अन्यायी, कधी कधी विकाऊ व्यवस्थेनंही या चारही प्रश्नांना उत्तरं दिली होती. आपल्याकडच्या बहिष्काराला यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर देता येत नाही, आणि हे प्रश्न कोणी विचारू नयेत अशीच त्याची रचना असते.

शिक्षकांनी शब्दांच्या याद्या देताना निदान काही शब्द तरी असे मुळापासून द्यावेत. सगळ्याच शब्दांचं मूळ इतकं बोलत नाही. जे बोलतं ते मुलांना ऐकवावं. ज्या मुलीला ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द या चार प्रश्नांसकट मिळेल, ती तो परीक्षेत लिहीलच. पण उद्या तिच्या वर्गात, सोसायटीत, गावकीत किंवा नातलगांच्या बैठकीत कुणाला तरी बाजूला टाकायचं घाटत असेल, तर ‘किती दिवसांसाठी? आणि त्याच्या मुलांचं काय?’ असं तिनं सर्वांदेखत विचारावं. अशा बैठकी सगळ्यांच्या गप्प बसण्यावर चालतात. एकानं जरी तोंड उघडून हिशेब मागितला, तरी ठराव करणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यावं लागलं की बहुतेकांचे हात आखडतात. शब्द शिकण्यातून एवढं साधलं, तर ते शिक्षण सत्कारणी लागलं.